मुक्काम पोस्ट डब्ल्यूथ्रीसी

जावामध्ये चार-दोन वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, एक्सएमएल फाइलच्या डोक्यावरची ती डॉकटाइपची ओळ कधी स्वतःच्या हाताने टाइप केली आहेस का? उत्तर बहुतेक 'नाही' असंच येईल. ती ओळ आपण जुन्या प्रोजेक्टमधून उचलतो, नव्या फाइलमध्ये चिकटवतो आणि खाली स्क्रोल करतो. पूजेतल्या सुपारीसारखी ती तिथे असते. का ठेवली हे विचारायचं नाही, आणि काढायची तर हिंमतच नाही.

या शनिवारी त्या एका ओळीबद्दल लिहायचं ठरवलंय. कारण ती दिसते तितकी निरुपद्रवी नाही. तिच्यापायी सर्व्हर सुरू व्हायचे थांबले, हजारो न्यूज फीड एका दिवसात बंद पडल्या, एका छोट्या संस्थेवर रोज कोट्यवधी रिक्वेस्टचा मारा झाला, आणि मोठमोठ्या कंपन्यांच्या फाइली बाहेरच्या माणसाला वाचता आल्या. हे सगळं घडलं एका साध्या घोटाळ्यातून: नाव आणि पत्ता यांतला फरक आपण विसरलो.

त्या ओळीत दोन गोष्टी असतात. पहिली असते एक विचित्र दिसणारी मालिका. सुरुवातीला वजा चिन्ह, मग दोन तिरक्या रेघा, मालकाचं नाव, पुन्हा दोन रेघा, डीटीडीचं नाव, आणि शेवटी भाषेचं 'ईएन'. हा झाला पब्लिक आयडेंटिफायर, म्हणजे नाव. दुसरी असते एक सरळसोट वेब लिंक. हा सिस्टिम आयडेंटिफायर, म्हणजे पत्ता. आपल्याकडे पत्रावर 'मु. पो.' लिहितात ना, तसा. गावात राहणाऱ्याला नाव पुरतं. 'पाटलांच्या सदाचं घर कुठे' म्हटलं की शेंबडं पोरही बोट दाखवतं. मु. पो. लागतं ते बाहेरून येणाऱ्याला.

आधी होता कागद

गोष्ट सुरू होते १९६९ मध्ये, आयबीएममध्ये. चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी या तिघांनी जीएमएल नावाची भाषा तयार केली. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं जोडली की तेच जीएमएल होतं, हा योगायोग अर्थातच नव्हता! गोल्डफार्ब मुळात वकील. वकिली कागदपत्रं साठवायची, शोधायची, छापायची हा त्यांच्यासमोरचा प्रश्न होता. मजकूर कसा दिसावा हे मजकुरात लिहू नका, मजकूर काय आहे ते लिहा, ही कल्पना तिथून पुढे वाढली. १९८६ मध्ये तिचं एसजीएमएल नावाचं आंतरराष्ट्रीय मानक झालं, आयएसओ ८८७९.

'एंटिटी' ही भानगड तिथलीच. विमानाची किंवा मोठ्या यंत्राची माहितीपुस्तिका डोळ्यासमोर आणा. हजारो पानं, डझनभर लेखक, प्रत्येक प्रकरण वेगळ्या फाइलमध्ये, आणि सुरक्षेची एकच सूचना दोनशे ठिकाणी. ती सूचना दोनशे वेळा लिहिण्यापेक्षा तिला एक नाव द्यायचं आणि जिथे हवी तिथे फक्त नाव लिहायचं. प्रोग्रॅम वाचताना नावाच्या जागी मजकूर घालेल. तो मजकूर त्याच फाइलमध्ये असेल तर ती आतली एंटिटी, दुसऱ्या फाइलमध्ये असेल तर बाहेरची, म्हणजे एक्स्टर्नल. डीटीडी, म्हणजे 'या प्रकारच्या कागदात काय कुठे येऊ शकतं' याचे नियम, हीसुद्धा अशीच बाहेर ठेवता येणारी फाइल.

एसजीएमएलच्या जगात बाहेरच्या फाइलला नुसतं नाव दिलं तरी चालायचं. ते नाव कुठल्या फाइलचं हे सांगायला प्रत्येक मशीनवर 'कॅटलॉग' असायचा. साधी टेक्स्ट फाइल: डावीकडे नाव, उजवीकडे आपल्या डिस्कवरची जागा. नाव जगभर एकच, जागा ज्याची त्याची. इंटरनेटचा प्रश्नच नव्हता, कारण बहुतेकांकडे ते नव्हतंच. आणि हे कागद लिहिणारा, वाचणारा, छापणारा एकाच संस्थेतला, फार तर ओळखीतला. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मग आलं वेब

१९९६ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या जॉन बोसाक यांच्या नेतृत्वाखाली डब्ल्यूथ्रीसीमध्ये एक गट बसला. एसजीएमएल वेबवर चालेल इतकं हलकं करायचं, हे त्याचं काम. १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल १.० जाहीर झालं. टिम ब्रे, जाँ पाओली आणि सी. एम. स्पर्बर्ग-मॅक्वीन हे त्याचे संपादक. एसजीएमएलचं बरंच सामान त्यांनी माळ्यावर टाकलं. पण डीटीडी आणि एंटिटी ठेवल्या, कारण जुन्या लोकांचे सगळे कागद त्यावर चालत होते.

एक बदल मात्र केला, आणि आपली गोष्ट तिथेच फिरते. एक्सएमएलमध्ये बाहेरच्या एंटिटीला पत्ता सक्तीचा झाला आणि नाव ऐच्छिक. नावावरून पत्ता कसा काढायचा याची सर्वांना मान्य अशी पद्धत तेव्हा वेबवर नव्हती. वेब लिंक मात्र जगात कुठूनही उघडते. मग नावाच्या भानगडीत पडायचं कशाला? स्पेसिफिकेशनने पार्सरला नाव वापरून दुसरी जागा शोधायची मुभा दिली. तशी जागा नाही सापडली, तर दिलेल्या पत्त्यावर जा.

दुसरी एक बारीक गोष्ट. एक्सएमएलचे पार्सर दोन प्रकारचे: नियम तपासणारे आणि न तपासणारे. तपासणाऱ्याला बाहेरची डीटीडी वाचावीच लागते. न तपासणाऱ्यावर वाचायची सक्ती नाही, पण बंदीही नाही. हे 'बंदीही नाही' पुढे फार महागात पडलं.

आता तुम्ही म्हणाल, नियम तपासायचे नाहीत तर डीटीडी वाचायची कशाला? कारण डीटीडीत नुसते नियम नसतात. तिथे ॲट्रिब्यूटच्या डिफॉल्ट किमती असतात आणि एंटिटींची व्याख्याही असते. एक्सएमएलला जन्मतः फक्त पाच एंटिटी कळतात: लहान-मोठेपणाची दोन चिन्हं, अँपरसँड, आणि दोन प्रकारची अवतरणं. एचटीएमएलमध्ये आपण सर्रास वापरतो ती 'एनबीएसपी' त्या पाचांत नाही. एक्सएचटीएमएलच्या फाइलमध्ये ती आली आणि पार्सरने डीटीडी वाचलेली नसेल, तर त्याला ती काय आहे हेच ठाऊक नसतं. म्हणून पार्सर लिहिणाऱ्यांनी विचार केला की वाचलेलं बरं. विचार चुकीचा नव्हता. हिशोब फक्त धरला नव्हता.

जावाचा दरवाजा

जावा आणि एक्सएमएल हे जुळ्या भावंडांसारखे वाढले. १९९७ च्या डिसेंबरमध्ये एक्सएमएल-डेव्ह या मेलिंग लिस्टवर चर्चा सुरू झाली की प्रत्येक जावा पार्सरची तऱ्हा वेगळी आहे, सगळ्यांना चालेल असा एक इंटरफेस हवा. डेव्हिड मेगिन्सन यांनी तो धागा पकडला आणि मे १९९८ मध्ये सॅक्स १.० बाहेर पडलं. ना कंपनी, ना समिती. मेलवर वाद घालत घालत पाच महिन्यांत मानक! आजही तेच वापरात आहे, थोडंफार वाढवून.

सॅक्समध्ये एंटिटी-रिझॉल्व्हर नावाचा एक छोटासा इंटरफेस आहे. त्यात मेथड एकच. पार्सर तिला विचारतो: "या नावाची, या पत्त्यावरची वस्तू मला हवी आहे, तुझ्याकडे आहे का?" असेल तर तुम्ही ती द्यायची. 'नल' परत केलं तर पार्सर स्वतःच पत्त्यावर जाऊन घेऊन येतो. आणि तुम्ही रिझॉल्व्हर दिलाच नाही, तरीही तेच. म्हणजे दार होतं, दारावर बसायला खुर्चीही होती. वॉचमन मात्र ज्याचा त्याने नेमायचा होता.

आयबीएमने आपला पार्सर १९९९ मध्ये अपाचेला दिला आणि त्याचं नाव झर्सीझ ठेवलं गेलं. हे नाव सॅन फ्रान्सिस्कोतल्या, नामशेष झालेल्या एका निळ्या फुलपाखराचं. २००२ च्या जावा १.४ मध्ये सनचा क्रिम्झन पार्सर आला, आणि २००४ च्या जावा ५ पासून झर्सीझ थेट जेडीकेत जाऊन बसला. त्याची एक सवय सगळ्यांच्या नशिबी आली: व्हॅलिडेशन बंद असलं तरी तो बाहेरची डीटीडी आणतो. 'सेट-व्हॅलिडेटिंग-फॉल्स' लिहून लोक निर्धास्त व्हायचे. त्या ओळीचा अर्थ 'नियम तपासू नकोस' इतकाच होता. 'बाहेर जाऊ नकोस' असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

ऑफिसात मात्र चालतं

आमच्या पुण्यातल्या टीममध्ये या प्रकाराची एक ठरलेली तक्रार यायची. ॲप्लिकेशन ऑफिसात पाच सेकंदांत सुरू होतं. क्लायंटच्या डेटा सेंटरमध्ये तेच वॉर फाइल, तोच जावा, पण सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं, आणि मग एक्सेप्शन. लॉगमध्ये डेटाबेसचा शेवटचा मेसेज, म्हणून सगळे डेटाबेसच्या मागे लागतात. डीबीए वैतागतो, नेटवर्कवाला 'आमच्याकडून सगळं ओके' असं म्हणतो. मी अशा दोन-तीन केसेस जवळून पाहिल्यात, आणि दरवेळी तोच क्रम.

उलगडा करायची पद्धत सोपी आहे. प्रोसेस अडकलेली असताना 'किल -३' द्यायचं, म्हणजे थ्रेड डंप मिळतो. मेन थ्रेडचा स्टॅक खालून वर वाचायचा. आपला कोड, मग फ्रेमवर्क, मग डॉक्युमेंट-बिल्डरचं पार्स, मग 'एक्सएमएल-एंटिटी-मॅनेजर', आणि सगळ्यात वर 'सॉकेट-कनेक्ट'. कॉन्फिगरेशनची फाइल वाचणारा प्रोग्रॅम सॉकेट कशाला उघडतोय? तर डॉकटाइपमधल्या पत्त्यावर निघालाय म्हणून.

लक्षणांवरूनही बरंच कळतं. 'अननोन होस्ट' एक्सेप्शन लगेच आलं तर त्या मशीनला बाहेरच्या जगाचं डीएनएस नाही. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' लगेच आलं तर कुणीतरी तोंडावर नाही म्हणतंय. आणि मिनिटं-मिनिटं काहीच न होता शेवटी 'टाइम आउट' आलं तर मध्ये असा फायरवॉल बसलाय जो पॅकेट गुपचूप गिळतो. नाही म्हणणारा माणूस परवडला, उत्तरच न देणारा नको, हे नेटवर्कलाही लागू आहे. 'फाइल नॉट फाउंड' आलं तर बहुधा पत्ता सापेक्ष आहे, म्हणजे नुसतं फाइलचं नाव, आणि पार्सर ते सध्याच्या फोल्डरमध्ये शोधतोय. असं होतं कारण पार्सरला नुसती इनपुट स्ट्रीम दिलेली असते. मूळ फाइल कुठली हे त्याला कळायला काही मार्ग नसतो. इनपुट-सोर्सवर सिस्टिम आयडी सेट केला की हा प्रश्न मिटतो.

मोठ्या फ्रेमवर्कना हे लवकर समजलं. टॉमकॅट वेब डॉट एक्सएमएल वाचताना सनच्या डीटीडींची नावं ओळखतो आणि स्वतःच्या जारमधली प्रत देतो. हायबरनेट पत्त्याची सुरुवात बघतो, ओळखीची असेल तर जारमधूनच फाइल काढतो. म्हणूनच तर आपल्याला वर्षानुवर्षं कळलंही नाही की त्या ओळीत एवढं काही आहे! पण कुणी ती ओळ हाताने सुधारायला गेलं, नावात एक स्वल्पविराम कमी पडला किंवा पत्त्यात एक अक्षर बदललं, की ओळख पटत नाही आणि पार्सर बाहेर निघतो. ऑफिसात इंटरनेट असतं, त्यामुळे तिथे चालून जातं. भांडं फुटतं ते क्लायंटकडे.

पत्ता बदलला तर?

हे झालं आपल्या घरचं. आता दुसरी बाजू बघा: ज्याचा पत्ता लिहिलाय त्याचं काय?

जुलै १९९९ मध्ये नेटस्केपने आरएसएस ०.९१ आणलं. त्याची डीटीडी माय डॉट नेटस्केप डॉट कॉमवर ठेवली होती आणि प्रत्येक फीडच्या डोक्यावर तो पत्ता होता. २००१ च्या एप्रिलमध्ये नेटस्केपने आरएसएसमधून अंग काढून घेतलं आणि ती डीटीडी साइटवरून गेली. झालं! फीडमध्ये काही बदल नाही, वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये काही बदल नाही, तरी फीड वाचता येईनात. ओरड झाल्यावर फाइल परत आली. जानेवारी २००७ मध्ये साइटची आवराआवर करताना ती पुन्हा गायब झाली. पुन्हा तीच ओरड. तेव्हा नेटस्केपने ती परत ठेवली आणि १ जुलै २००७ नंतर मिळणार नाही अशी मुदत दिली. जगभरच्या फीड चालू राहाव्यात म्हणून एका कंपनीने तिला नको असलेली एक फाइल सांभाळत बसायची, अशी ही अवस्था.

खरा कडेलोट झाला तो डब्ल्यूथ्रीसीकडे. एक्सएचटीएमएल १.० हे २००० चं मानक. त्याची डीटीडी डब्ल्यूथ्रीसीच्या साइटवर, आणि तो पत्ता जगातल्या असंख्य वेब पानांच्या पहिल्या ओळीत. ब्राउझर ती डीटीडी कधीच आणत नाहीत. डॉकटाइपवरून पान नव्या पद्धतीने दाखवायचं की जुन्या, एवढंच ते ठरवतात. पण जावा, पायथन वगैरेंमध्ये लिहिलेले प्रोग्रॅम तीच पानं एक्सएमएल म्हणून वाचायला लागले आणि प्रत्येक पानागणिक डब्ल्यूथ्रीसीच्या दारात उभे राहिले. तेही एकदा नाही. एक्सएचटीएमएलची डीटीडी आणखी तीन एंटिटी फाइली ओढते, म्हणजे एका पानाला चार फेऱ्या. आणि जावाच्या यूआरएल कनेक्शनला स्वतःची कॅश नाही. त्यामुळे पुढचं पान आलं की पुन्हा चार.

८ फेब्रुवारी २००८ रोजी डब्ल्यूथ्रीसीने जाहीरपणे आकडे मांडले. दिवसाला १३ कोटींपर्यंत रिक्वेस्ट, सतत ३५० मेगाबिट प्रति सेकंद बँडविड्थ, आणि हे सगळं वर्षानुवर्षं न बदललेल्या फाइलींसाठी. १३ कोटींना दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागा, सेकंदाला दीड हजार पडतात. रात्रंदिवस.

रस्त्याच्या कडेला कुणीतरी पाणपोई घालावी आणि कारखानदारांनी तिच्या माठाला पाइप जोडावेत, तसं हे. यात कुणी दुष्ट नव्हता. पाइप जोडलाय हे कारखानदारालाही माहीत नव्हतं. प्रत्येकाने एक ओळ कॉपी केली होती, बस.

डब्ल्यूथ्रीसीने मग अति करणाऱ्यांना '५०३' द्यायला सुरुवात केली, म्हणजे 'सेवा उपलब्ध नाही'. आणि जगभरच्या जावा प्रोग्रॅममधून 'सर्व्हर रिटर्न्ड एचटीटीपी रिस्पॉन्स कोड ५०३' हा मेसेज पडू लागला. लोक म्हणायला लागले, डब्ल्यूथ्रीसी डाउन आहे. ते डाउन नव्हते, कंटाळले होते. काही हुशारांनी यावर युजर-एजंट बदलायचा उपाय काढला, म्हणजे मी जावा नाही, मी ब्राउझर आहे असं सांगायचं. पाणपोईवाल्याने हाकललं तर टोपी घालून परत यायचं!

आणि पत्ता दुसऱ्यानेच लिहिला तर?

आत्तापर्यंत पत्ता निदान प्रामाणिक होता. पण एक्सएमएल फाइल अनोळखी माणसाकडून आली असेल तर? पत्ता तोच लिहिणार, आणि आपला सर्व्हर इमानेइतबारे तिथे जाणार.

ऑक्टोबर २००२ मध्ये ग्रेगरी स्टॉइक यांनी बगट्रॅक या सुरक्षाविषयक लिस्टवर हा हल्ला एक्सएक्सई या नावाने मांडला. वेब लिंकच्या जागी सर्व्हरवरच्याच फाइलचा पत्ता द्यायचा, लिनक्सवरची पासवर्ड फाइल म्हणा. पार्सर ती फाइल वाचतो, मजकुरात घालतो, आणि ॲप्लिकेशन तो मजकूर उत्तरात परत दाखवत असेल तर फाइल हल्लेखोराच्या हातात. किंवा कंपनीच्या आतल्या, बाहेरून न दिसणाऱ्या सर्व्हरचा पत्ता द्यायचा. बाहेरच्याला फायरवॉल अडवतो, आपल्याच ॲप्लिकेशनला कोण अडवणार?

त्याच काळात आतल्या एंटिटींचाही एक प्रकार उघडकीला आला, 'बिलियन लाफ्स' या नावाने प्रसिद्ध. 'एलओएल' ही एक एंटिटी, दुसरी म्हणजे पहिली दहा वेळा, तिसरी म्हणजे दुसरी दहा वेळा... असं नऊदा केलं की एक किलोबाइटहून छोट्या फाइलमधून शंभर कोटी 'एलओएल' निघतात, म्हणजे सुमारे तीन गीगाबाइट. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाच्या दाण्यांची गोष्ट, सर्व्हरच्या मेमरीत. जावाने यावर एंटिटी किती वेळा उलगडायची याला मर्यादा घातली, ती बरीच वर्षं ६४,००० होती.

हे २००२ चं. तरी नोव्हेंबर २०१३ मध्ये रेजिनाल्डो सिल्व्हा यांना फेसबुकच्या ओपनआयडी हाताळणाऱ्या भागात एक्सएक्सई सापडलं आणि फेसबुकने त्यांना ३३,५०० डॉलर बक्षीस दिलं. २०१७ मध्ये ओवास्पच्या पहिल्या दहा धोक्यांच्या यादीत एक्सएक्सईला चौथं स्वतंत्र स्थान मिळालं. २०२१ च्या यादीत ते 'चुकीचं सुरक्षा कॉन्फिगरेशन' या सदरात गेलं. मला हे सदर जास्त बरोबर वाटतं, कारण रोग पार्सरमध्ये कमी आणि डिफॉल्टमध्ये जास्त आहे.

आता मघाचा मुद्दा आठवा. एसजीएमएलच्या काळात कागद लिहिणारा ओळखीचा होता. त्याने सांगितलेल्या ठिकाणाहून फाइल आणणं ही सोय होती. सोय तीच राहिली, सांगणारा बदलला.

मग करायचं काय?

उपाय तिन्ही काळांत होतेच. कामाच्या दृष्टीने क्रम असा लावता येईल.

फाइल बाहेरून येत असेल, युजरने अपलोड केलेली किंवा दुसऱ्या कंपनीकडून आलेली, तर डॉकटाइपवरच बंदी घाला. झर्सीझमध्ये त्यासाठी 'डिसअलाउ-डॉकटाइप-डीक्ल' हे फीचर आहे. ओळ दिसली की पार्सर तिथेच थांबतो. आजकालच्या बहुतेक वेब सर्व्हिसेसना डॉकटाइप लागतच नाही, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही.

फाइल आपलीच असेल आणि डीटीडी खरोखर लागत असेल, तर ती जारमध्ये ठेवा आणि एंटिटी-रिझॉल्व्हरने तिथून द्या. डीटीडी बऱ्याच असतील तर कॅटलॉग. ओॲसिसने एक्सएमएल कॅटलॉगचं मानक २००५ मध्ये पक्कं केलं, नॉर्मन वॉल्श यांचा रिझॉल्व्हर त्याआधीपासून होता, आणि २०१७ च्या जावा ९ मध्ये कॅटलॉगची सोय थेट जेडीकेत आली. म्हणजे १९८६ च्या पिढीकडे जे होतं ते आपल्याला पुन्हा मिळायला २०१७ उजाडलं!

डीटीडीची गरजच नसेल तर 'लोड-एक्स्टर्नल-डीटीडी' हे फीचर बंद करा, किंवा रिझॉल्व्हरमधून रिकामी स्ट्रीम परत द्या. हा उपाय सर्वात लोकप्रिय आहे, पण डोळे उघडे ठेवून करा. मजकुरात 'एनबीएसपी'सारखी एंटिटी असेल तर ती गळून जाईल किंवा पार्सर अडेल, आणि डिफॉल्ट ॲट्रिब्यूट गुपचूप नाहीसे होतील. गंमत म्हणजे या फीचरचं पूर्ण नावसुद्धा अपाचेच्या वेब लिंकसारखं दिसतं. नेटवर जाणं थांबवणाऱ्या स्विचचं नाव वेब लिंकसारखं! ते नुसतं नाव आहे, तिथे कुणी जात नाही. नवख्याचा गोंधळ होईल नाहीतर काय?

२०१४ च्या जावा ८ पासून बाहेरच्या डीटीडी कुठल्या मार्गाने आणायच्या, फाइल की एचटीटीपी की कशानेच नाही, हे एका प्रॉपर्टीने ठरवता येतं. 'ॲक्सेस-एक्स्टर्नल-डीटीडी' रिकामी ठेवली की सगळे रस्ते बंद. २०२४ च्या जावा २३ सोबत कडक सेटिंग्जची एक नमुना फाइलही मिळते. पण ही दारं आपण होऊन लावावी लागतात.

एक ओळ, अनेक रूपं

तुम्ही म्हणाल, एक्सएमएल आता कोण वापरतं? जेसनच्या जमान्यात ही जुनी भांडणं कशाला उकरायची?

डिसेंबर २०२१ आठवा. लॉगफोरजेची भानगड. लॉगमध्ये जाणाऱ्या मजकुरात एक खास पद्धतीने पत्ता लिहिला, की लॉग लिहिणारी लायब्ररी त्या पत्त्यावर जाऊन तिथलं सामान आणायची, आणि त्यातून हल्लेखोराचा कोड आपल्या सर्व्हरवर चालायचा. अर्धं जग त्या आठवड्यात झोपलं नाही. एक्सएमएलचा संबंध शून्य, पण आकार ओळखीचा वाटतो ना? मजकूर परक्याचा, पत्ता त्यात, आणि आपला प्रोग्रॅम कुणालाही न विचारता निघालाय. मार्च २०१६ मध्ये लेफ्टपॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड कोसळले. ती नेटस्केपच्या डीटीडीचीच धाकटी बहीण.

माझ्या मते या सगळ्याचा धडा 'एक्सएमएल वाईट' असा नाही. प्रोग्रॅममध्ये लिहिलेली प्रत्येक बाहेरची लिंक म्हणजे कुणावर तरी टाकलेला भार आहे, आणि कुणावर तरी टाकलेला विश्वासही. भार टाकताना त्याला विचारलं आहे का, आणि विश्वास टाकताना आपण विचार केलाय का, हे दोन प्रश्न कोड रिव्ह्यूमध्ये विचारायला पैसे पडत नाहीत.

सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलमध्ये विलीन झाली. जुन्या वेब डॉट एक्सएमएल फाइलींमध्ये तिचा पत्ता मात्र अजून आहे, आणि टॉमकॅट तो अजून ओळखतो, कारण तो पत्त्यावर जातच नाही, नावावरून ओळखतो. घर पाडलं, माणसं गेली, तरी गावात नाव चालतं. असो. सोमवारी ऑफिसात गेलात की आपल्या प्रोजेक्टमध्ये डॉकटाइप शोधून बघा. वायफाय बंद करून ॲप्लिकेशन एकदा सुरू करा. सुरू झालं तर उत्तम. नाहीच झालं, तर थ्रेड डंप घ्या आणि तुमचा प्रोग्रॅम कुणाच्या दारात उभा आहे ते बघा.